कालची बाई आणि माझा प्रबंध

आमच्या विभागात दर वर्षी नवी मुलं आली की माझे गाइड त्यांना एक गोष्ट सांगतात, असं माझ्या कानावर आलं आहे. ‘आमच्याकडे एक बाई होती, तिनं स्टीलचे डबे वाटून मुलाखती घेतल्या.’ मुलं हसतात, आणि सर फळ्याकडे वळून संशोधनाची पद्धत शिकवायला लागतात. म्हणजे त्यांच्या पहिल्या तासाचा विनोद मी आहे. गोष्टीचा पुढचा अर्धा भाग ते सांगतात की नाही, हे मी विचारायला गेलेले नाही. गेले असते तर भांडण झालं असतं. तेव्हा तो भाग मीच लिहिते.

मी बोहारणीची मुलगी आणि स्वतः बोहारीण. आमचं घराणं बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं. घरात मराठी, पण भांडण आणि भाव कन्नडमध्ये. वडील लवकर गेले तेव्हा आईनं डोक्यावर भांड्यांची टोपली घेतली आणि मला बरोबर घेतलं. ‘हळे बट्टे, पात्रे!’ ही आमची आरोळी. जुने कपडे द्या, भांडी घ्या. जे. पी. नगरातल्या बायका दारात साड्या, पँटी, चादरी आणून टाकायच्या, आई त्या उजेडात धरून बघायची आणि टोपलीतून एखादी वाटी काढून ठेवायची. मग तासभर ओढाताण. वाटीची तपेली व्हायची, तपेलीचा डबा. मी बोलायला शिकले ती त्या पायऱ्यांवर. चिडायलाही तिथेच शिकले.

पुढे मी जुन्या पेठेत भांड्यांचं छोटं दुकान घेतलं, पोस्टानं बी.ए. केलं, आणि संध्याकाळच्या कॉलेजात एम.ए.ला बसले. विषय समाजशास्त्र. शेवटच्या वर्षी एका पेपरऐवजी प्रबंध लिहिता येत असे. परीक्षेत तीन तास मान खाली घालून बसण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटलं. त्याच सुमारास एका मुलींच्या कॉलेजात हा विषय शिकवायला बाई हवी होती. तिथल्या प्राचार्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, जूनमध्ये एम.ए. पूर्ण करून आलात तर जागा तुमची, नाही तर दुसरी उभीच आहे. दुकान तेव्हा रडतखडत चाललं होतं. प्रबंध वेळेत गेला नाही तर निकाल अडकणार, जागा जाणार, आणि मला पुन्हा टोपली उचलावी लागणार, इतकं ते सरळ होतं. प्रबंध आत जायचा तर पहिल्या पानावर गाइडची सही हवी. सगळं त्या एका सहीवर टांगलेलं होतं.

आता प्रबंध म्हणजे काय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वर्गातल्या बाकीच्यांना विचारायची गरजच पडत नव्हती. कुणाचा काका प्राध्यापक, कुणाची बहीण पीएच.डी. करणारी. जेवताजेवता त्यांच्या कानावर हे पडलेलं असायचं. माझ्या घरी जेवताना साडीच्या काठात चांदी किती, हे बोललं जायचं. मी लायब्ररीत गेले आणि जुने प्रबंध भांडी बघतात तसे हातात घेऊन पाहिले. जाडी, वजन, बांधणी. पाच प्रकरणं, मागे पुस्तकांची यादी, वर रेक्झिनचं काळं कव्हर. बाइंडरकडे जाऊन भावही ठरवून आले. एक अक्षर लिहायच्या आधी.

मग सरांकडे गेले. “सर, पाच प्रकरणं असतात असं दिसतं. माझं चारात होईल. चौथं आणि पाचवं एकत्र करते.”

ते चष्म्यावरून बघत राहिले. “किती प्रकरणं होतील ते तुम्हाला काय सापडतं त्यावर ठरेल, अम्मा.”

मी मनात म्हटलं, पक्का आहे. आधी भाव सांगत नाही. आणि अम्मा कसली, मी त्यांच्याहून पाच-सात वर्षांनी लहान असेन.

विषय मी माझाच घेतला होता, जुन्या कपड्यांवर भांडी घेणाऱ्या बायकांचा व्यवहार. नवऱ्याला न विचारता बाई जी एकच खरेदी करते ती ही, असं माझं म्हणणं होतं. त्यातलं तिसरं प्रकरण माझं लाडकं. ते स्पर्धेवर होतं, आणि स्पर्धेवर म्हणजे एका बाईवर.

या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्यामुळे माझी अर्धी हयात जळली होती. जे. पी. नगरच्या त्या चार गल्ल्यांत आईनं डबा खाली ठेवला की समोरची म्हणायची, “अय्यो, कालच्या बाईनं याच्याहून मोठा दिला की!” शेजारीण कठड्यावरून मान डोलवायची. “हो हो, झाकणाचा.” आई मग चरफडत मोठा डबा काढायची. आम्ही मंगळवारी गेलो तर ती सोमवारी येऊन गेलेली असायची. सोमवारी गेलो तर रविवारी. आईनं वार बदलले, वेळा बदलल्या, उजाडायच्या आत गल्ली गाठली, पण ती आदल्या दिवशी येऊन गेलेलीच. टोपली माझ्या डोक्यावर आली तेव्हा ती बाईसुद्धा माझ्या वाट्याला आली. अशी बाई पोटाला काय खाते, असा मोठा डबा देऊन तिला उरतं काय, यावर आईनं आणि मी किती रात्री काथ्याकूट केला असेल! प्रबंधात तिला पकडायचं मी ठरवलं होतं.

मुलाखतींना मी टोपली घेऊनच गेले. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात बसायची मला सवयच नव्हती. बाई बोलायला लागली की मी समोर एक वाटी ठेवायची. बरं बोलली तर तपेली. कालच्या बाईबद्दल सांगायला लागली तर डबा. आणि त्या काय सांगायच्या! तिच्या नाकात मोठी चमकी आहे, ती येलहंकेहून येते, तिचा नवरा भांड्यांच्या कारखान्यात आहे म्हणून तिला परवडतं. माझी पानं भराभर भरत होती. तीस-चाळीस घरं झाली. मी प्रकरण टाइप करून घेतलं आणि सरांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी ते वाचून मला बोलावलं तेव्हा हातात लाल पेन्सिल होती.

“ही बाई उंच आहे की ठेंगणी?”

“उंच.”

“सहाव्या पानावर उंच आहे. नवव्यावर ठेंगणी. अकराव्यावर लंगडते. पुढे तिला जुळी मुलं झाली आहेत.”

“बायका आहेत सर, कुणाला काय आठवतं, कुणाला काय.”

“तुम्ही भेटलात तिला?”

“भेटायला कशाला पाहिजे? अख्खा भाग ओळखतो तिला.”

“अम्मा, अख्खा भाग ओळखतो हे तुम्हाला कशावरून माहीत?”

“त्यांनीच सांगितलं.”

“का सांगितलं?”

मला प्रश्नच कळेना. “का म्हणजे? मी विचारलं म्हणून. आणि मी काही फुकट नाही विचारलं. ज्यानं जसं सांगितलं तसं त्याला दिलं.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “काय दिलंत?”

मी सांगितलं. वाटी, तपेली, डबा, सगळा क्रम सांगितला. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल, मी किती खर्च केला ते कळेल. ते खुर्चीत मागे रेलले आणि हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. ते हसू मी अजून विसरलेले नाही.

“उत्तरं विकत घेतलीत तुम्ही.”

“विकत?” मी उभी राहिले. “मी व्यवहार केला! आमच्या धंद्यात कुणाचा वेळ फुकट घेत नाहीत. तुमच्यात घेत असतील!”

दारात उभे असलेले दोघे विद्यार्थी वळून बघायला लागले. सरांनी आवाज चढवला नाही, त्यानं माझा आणखी चढला. मी म्हटलं, आधी का नाही सांगितलंत? भांडी न्यायची नाहीत हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? ते म्हणाले, पुस्तकात भांडी असं लिहिलेलं नाही, पण बाकी सगळं लिहिलेलं आहे, तुम्ही पहिलंच प्रकरण वाचलं असतंत तर दिसलं असतं. मग कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, “हे मी सही करून पाठवू शकत नाही. पुन्हा जा. हातात काही न घेता. आणि ही बाई शोधा. जी माणसं प्रबंधात आहेत ती जगात पण असायला हवीत.”

“पुन्हा सगळ्यांकडे? वेळ कुठे आहे? दहा घरं करते.”

“दहा करा.”

“आठ.”

“आठ करा,” ते म्हणाले. “पण खरी करा.”

त्यांनी इतक्या सहज आठ घरं मान्य केली म्हणून मला जास्तच राग आला. मी भाव पाडला नव्हता, त्यांनी तो सोडून दिला होता. त्यांना आकड्याचं काही नव्हतंच. आपण इतके दिवस भलत्याच गोष्टीवर ओढाताण करत होतो, हे मला त्या जिन्यावरून उतरताना पहिल्यांदा लक्षात आलं आणि तोंड कडू झालं.

आधी मी येलहंकेला गेले. बसमध्ये बसून तिला काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. तिथल्या भांड्यांच्या दुकानांत विचारलं, बाजारात विचारलं, टोपलीवाल्या तीन बायका भेटल्या त्यांना विचारलं. मोठी चमकी? जे. पी. नगर? त्यातली एक खो खो हसली. “अक्का, शहराच्या या टोकाची मी, टोपली डोक्यावर घेऊन त्या टोकाला कशाला जाईन? बसभाडं कोण देणार, तुमचा सासरा?” कारखान्यातला नवराही कुणाला माहीत नव्हता. मी हात हलवत परत आले. तारीख जवळ येत होती आणि माझं तिसरं प्रकरण रस्त्यावर कुठे दिसेना.

दुसऱ्या दिवशी जे. पी. नगरात रिकाम्या हातानं गेले. टोपली नसली की हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. पहिल्या दोन घरांत “आज काही आणलं नाही?” म्हणून दार लावून घेतलं. तिसऱ्या घरी तर बाईनं आधी माझ्या मागे पाहिलं, टोपली कुठे ठेवली आहे ते बघायला. चौथं घर कोपऱ्यावरचं. तिथली बाई आईच्या वयाची, आईशी वर्षानुवर्षं भांडलेली. तिनं मला पायरीवर बसवलं आणि शेंगा सोलायला घेतल्या.

मी म्हटलं, “अक्का, आज द्यायला माझ्याकडे काही नाही. मला फक्त ती बाई दाखवा. माझं शिक्षण तिच्यापाशी अडकलंय.”

“कुठली बाई?”

“कालची.”

ती शेंग सोलता सोलता थांबली. मग पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. हसता हसता तिनं पलीकडच्या घराकडे हाक मारली, “अगं ये, ही बघ, कालच्या बाईला शोधत आलीय!”

पलीकडची आली, तिच्या मागून तिची सून आली. तिघीही हसत होत्या. मी उभी राहिले. त्या क्षणी हातात पातेलं असतं तर मी ते कुठे फेकलं असतं, सांगता येत नाही.

“बस, बस. रागावू नकोस,” कोपऱ्यावरची म्हणाली. “अगं, अशी बाई कुठून असणार? ती आमची सोय होती. तुझी आई इतकी कडक, वाटीच्या वर जायला तयार नाही. मग कुणीतरी नळावर म्हणालं, आपण असं म्हणूया. एकीनं म्हणायचं, दुसरीनं होय म्हणायचं.”

“मला लग्न होऊन आल्या आल्या शिकवलं,” सून म्हणाली. “दूध कुठे मिळतं, वाणी कुठला, आणि पात्रेवाली आली की काय म्हणायचं.”

“आणि ती चमकी? तो कारखान्यातला नवरा?”

“ते तूच काढून घेतलंस की! एकीला चमकी म्हटल्यावर डबा मिळाला, मग दुसरीनं नवरा काढला. माझी जाऊ म्हणाली, ‘मी तर जुळी मुलं पण दिली तिला,’” पलीकडचीनं सांगितलं.

आयुष्यभर मी म्हणत आले, मला कुणी फसवू शकत नाही, कापडाला हात लावला की मला कळतं. आणि एका गल्लीनं नळावर उभं राहून एक बाई तयार केली होती, आणि ती माझ्या आईच्या आणि माझ्या टोपलीतून वर्षानुवर्षं डबे नेत होती.

“मागच्या वेळी का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“तू डबा घेऊन आली होतीस,” कोपऱ्यावरची सरळ म्हणाली. “डबेवालीला हे कोण सांगेल? आता सांगितलं, तर आता पुढच्या वेळी काय म्हणायचं आम्ही?”

मी बसले. लिहून घेतलं. आठ घरं ठरली होती, त्याहून जास्त झाली, कारण एकीनं सांगितल्यावर दुसऱ्या आपणहून यायला लागल्या. फाटकी बाजू घडीच्या आत कशी घालायची, जुन्या सुती साडीला खळ देऊन ती करकरीत कशी करायची, सगळं ऐकलं. मान खाली घालून लिहीत होते आणि कान तापले होते.

घरी आईला सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली होती. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, “खोटं बोलतात त्या.”

“आई, त्यांनी स्वतः सांगितलं.”

“मी तिची आरोळी ऐकलीय. दोनदा. पलीकडच्या गल्लीतून. माझ्यापेक्षा बारीक आवाज.” आणि मग म्हणाली, “नसती, तर मी कुणाशी भांडत होते इतकी वर्षं?”

तिसरं प्रकरण सगळं फाडून पुन्हा लिहिलं. ही बाई अस्तित्वात नव्हती, असं माझ्या हातानं लिहिणं मला किती जड गेलं, ते सांगत नाही. आईचं बोलणं मी त्यात घातलं नाही. तिची फजिती पुन्हा कागदावर कशाला?

शेवटच्या दिवशी टाइप केलेली, न बांधलेली पानं घेऊन सरांकडे गेले. ऑफिसची खिडकी दुपारी बंद होणार होती. बाइंडर माझ्यासाठी थांबला होता. सर तिसरं प्रकरण वाचायला लागले, तेही अगदी सावकाश. एकेक पान उलटताना बोट ओलं करत होते. मी घड्याळाकडे बघत होते. शेवटच्या पानावर ते थांबले.

“आधी त्या म्हणत होत्या, बाई आहे. आता म्हणतात, नव्हती. दुसरं खरं कशावरून?”

माझा तोल गेला. मी टेबलावर हात आपटला, पेनस्टँड पडला. “कशावरून म्हणजे? आहे म्हणून सांगितलं की त्यांना डबा मिळत होता! नाही म्हणून सांगून त्यांना काय मिळालं? उलट गमावलं. आता पुन्हा कधी त्यांना माझ्यापुढे ती बाई काढता येणार नाही. माणूस स्वतःचं नुकसान करून खोटं कशाला बोलेल? एवढं पण कळत नाही तुम्हाला?”

ते शांतपणे पडलेली पेनं गोळा करत होते. “मला कळलं. हे लिहिलंय कुठे?”

“लिहायला कशाला हवं? कुणालाही कळेल.”

“तुम्हाला कळेल. वाचणारा कधी पायरीवर बसलेला नाही. लिहा.” त्यांनी कोरा कागद पुढे केला. “आणि आणखी एक. सगळ्याच म्हणतात ना, ती नव्हती? कुणी एकही वेगळं म्हणत नाही?”

नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. बारा वाजून गेले होते. त्यांनी कधीच शोधून काढलं नसतं. पण ते माझ्याकडे बघत होते, आणि मला एकदम वाटलं, आईला वगळलं तर मी पण नळावरच्या त्या बायकांत जाऊन उभी राहीन.

“एक आहे,” मी म्हटलं. “माझी आई. ती म्हणते, तिनं आवाज ऐकलाय.”

“मग ते पण लिहा. खोटं आहे असं लिहू नका, खरं आहे असंही नको. काय ऐकलं तेवढं लिहा.”

मी त्यांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर वाकून लिहिलं. खरं सांगून बायकांचा काय तोटा झाला ते लिहिलं. मग, एका बोहारणीनं पलीकडच्या गल्लीतून आपल्यापेक्षा बारीक आवाजाची आरोळी दोनदा ऐकल्याचं सांगितलं आणि आजही ती तसंच सांगते, हे लिहिलं. माझं अक्षर इतकं वाईट कधी आलं नव्हतं. रस्त्यापलीकडच्या टायपिस्टकडे धावले. त्याच्याशी भावाबद्दल एक शब्द बोलले नाही, तो आश्चर्यानं बघत राहिला. पान घेऊन परत आले तेव्हा सर डबा खात होते. त्यांनी हात धुतले, पान वाचलं, योग्य जागी सरकवलं, आणि पहिल्या पानावर सही केली. सगळ्या प्रतींवर करून घेतली मी.

“आईंना दाखवणार?” त्यांनी विचारलं.

“वाचून दाखवावं लागेल. तिला वाचता येत नाही.”

“काय म्हणतील?”

“भांडेल.”

बाइंडरनं पानं शिवली, काळं कव्हर घातलं, आणि मी गोंद ओला असतानाच ते खिडकीतून आत सरकवलं. एम.ए. झालं. ती जागा मला मिळाली. पण चांगलं झालं, असं सर त्या दिवशी म्हणाले नाहीत. अजूनही म्हणालेले नाहीत.